पर्ल, पत्ता आणि साडेचार हजारांची पट्टी

बुधवारी ऑफिसात एका कोड रिव्ह्यूवरून माझं जोरदार वाजलं. समोरचा मुलगा हुशार आहे, कामाला चांगला आहे, तरीही वाजलं. त्याने पायथनमध्ये एक डिक्शनरी केली होती आणि तिच्यात किल्ली म्हणून काय, तर ऑब्जेक्टचा आयडी. म्हणजे पायथनमध्ये आयडी नावाचं जे फंक्शन मिळतं, ते जो भलामोठा आकडा परत देतं ना, तो. मी म्हणालो, हे काढ. तो म्हणाला, "पण सर, चालतंय ना! सगळ्या टेस्ट पास आहेत."

"चालतंय ना" ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्याला कारण आहे, आणि ते कारण वाशीम जिल्ह्यात आहे. त्या मुलाला बुधवारी नीट सांगता आलं नाही (मीटिंग रूमची वेळ संपली, बाहेर लोक खोळंबले होते), म्हणून आज शनिवारी निवांत लिहितोय.

आधी पर्लविषयी, कारण हे पाप मी स्वतः केलं ते पर्लमध्ये. पर्लमधला हॅश म्हणजे किल्ली आणि तिच्यासमोर ठेवलेली वस्तू. नाव द्या, वस्तू मिळेल. यात मेख अशी की पर्लच्या हॅशची किल्ली ही नेहमी, कायम, शंभर टक्के एक स्ट्रिंगच असते. दुसरं काही ती असूच शकत नाही. १९९४ मध्ये पर्ल ५ आली, तिच्याबरोबर रेफरन्स आले, आणि लोक साहजिकच रेफरन्स किल्लीच्या जागी ठेवायला लागले. पर्ल काय करते? नाही म्हणत नाही. वॉर्निंग देत नाही. स्ट्रिक्ट लावा, वॉर्निंग्ज लावा, तरी हूं की चूं नाही. गुपचूप त्या रेफरन्सची स्ट्रिंग करते : 'हॅश' हा शब्द आणि पुढे कंसात मेमरीतला पत्ता, हेक्साडेसिमलमध्ये. ही स्ट्रिंग किल्ली म्हणून बसते आणि तुमचा रेफरन्स गेला वाऱ्यावर.

वाऱ्यावर गेला म्हणजे काय, ते दोन भागांत आहे. पहिला भाग सगळ्यांना माहीत असतो : त्या किल्लीवरून मूळ वस्तूकडे परत जाता येत नाही. हॅशच्या किल्ल्या काढल्या आणि त्यांच्यातून मूळ नोंद उघडायला गेलात की स्ट्रिक्ट तुम्हाला सांगतं, ही नुसती स्ट्रिंग आहे, रेफरन्स म्हणून वापरता येणार नाही. हा भाग बिनधोक. प्रोग्राम पडतो, शिव्या घालत आपण दुरुस्त करतो.

दुसरा भाग घातक आहे. किल्ली नुसती स्ट्रिंग असल्यामुळे ती मूळ वस्तूला धरून ठेवत नाही. पर्लमध्ये कुठलीही वस्तू जिवंत राहते ती तिच्याकडे बोट दाखवणारे रेफरन्स शिल्लक आहेत तोवर. मोजणी शून्यावर आली की वस्तू संपली, जागा मोकळी. किल्ली बनलेली स्ट्रिंग या मोजणीत धरलीच जात नाही. म्हणजे वस्तू मरते आणि तुमच्या हॅशमध्ये तिचा पत्ता तसाच राहतो. आता पर्ल काटकसरी, मोकळी झालेली जागा पुढे जो मागेल त्याला देते, बरेचदा अगदी लगेच. त्या जागेवर नवी नोंद राहायला आली की तिचा पत्ता तोच. आणि तुमचा हॅश तिला ओळख दाखवतो. "या या, तुमचं सामान इथेच आहे." सामान मेलेल्याचं!

आता गोष्ट.

२००९ चा सोयाबीनचा हंगाम. माझे मामा मालेगाव तालुक्यात एका खाजगी खरेदीदाराकडे मुनीम होते. (हे वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव. पुण्यात 'मामा मालेगावला असतात' म्हटलं की लोक यंत्रमागाविषयी विचारतात. या विषयावर पुढे येतोच.) हंगामात रोज रांग लागायची. शेतकरी माल आणणार, काटा होणार, हमाली-तोलाई वजा होणार, आधी कोणी उचल घेतली असेल तर ती वजा होणार आणि हिशोबपट्टी हातात. मामा रात्री अकरा-अकरापर्यंत हाताने हिशोब करत. मी पुण्यात नोकरी करणारा शहाणा भाचा. म्हणालो, मामा, तुम्ही कशाला डोळे फोडता, मी एक स्क्रिप्ट लिहून देतो.

दिली लिहून. दोनशे ओळीसुद्धा नव्हत्या. एक पोरगा नोंदी टाईप करायचा, स्क्रिप्ट त्या वाचून पट्ट्या छापायची. प्रत्येक आवक म्हणजे एक अनामिक हॅश. तिची रचना छपाईच्या भागाशी जुळवलेली होती, तिला हात लावायचा नव्हता, म्हणून उचलीची कपात मी बाजूला वेगळ्या हॅशमध्ये ठेवली. किल्ली? अर्थातच आवकीच्या नोंदीचा रेफरन्स. मला ते तेव्हा फार देखणं वाटलं होतं. एक ओळ! नाव जुळवा, गाव जुळवा, काही कटकट नाही.

कधीकधी एखादी पावती रद्द व्हायची. वजन चुकलं, ओलावा जास्त निघाला, काहीही. रद्द झाली की मी ती नोंद यादीतून काढून टाकत होतो. कपातीच्या हॅशमधून काढत नव्हतो. विसरलो. नोंद मेली, जागा मोकळी झाली, पुढचा शेतकरी आला, त्याची नोंद त्याच जागेवर बसली आणि आधीच्या माणसाची उचल याच्या पट्टीत वजा झाली.

दर वेळी नाही हं. मोकळी जागा कधी एखादी साधी स्ट्रिंग घ्यायची, कधी आकडा घ्यायचा, तेव्हा काहीच व्हायचं नाही. नव्या आवकीचा हॅश बरोबर तिथेच येऊन बसला तरच घोटाळा. म्हणजे टेस्टमध्ये दिसणार नाही, पहिल्या आठवड्यात दिसणार नाही, आणि जेव्हा होईल तेव्हा आकडा अगदी खराखुरा वाटेल, कारण तो खराखुराच असतो, फक्त दुसऱ्याचा. शून्य किंवा ऋण रक्कम आली असती तर मामांच्या डोळ्यात भरली असती. साडेचार हजार उचल, यात काय खटकणार?

त्या पट्टीचे मालक एक साठीचे गृहस्थ होते. ते म्हणाले, "मी त एक रुपया उचल घेतली नाही, मंग हे साडेचार हजार काहून कापले?" मामांनी वही नाही पाहिली. स्क्रीन पाहिली. "कम्प्युटरमधी तसंच आहे, भाऊ. घरच्या कोणी नेली असन. पोराले इचारा." ते घरी गेले. पोराला विचारलं. पोरगा म्हणाला मी नाही. दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले. कम्प्युटरमध्ये तेच. घरात बाप-लेकात बोलणं बंद झालं, दोन महिने. हे मला मामांनी दिवाळीत सहज सांगितलं, 'काय लोक असतात बघ' या सुरात. मी हातातली चकली खाली ठेवली.

ती दिवाळी मी गच्चीवर पट्ट्यांच्या कार्बन प्रती आणि उचलीची वही घेऊन काढली. स्क्रिप्ट पुन्हा चालवून उपयोग नव्हता. मेमरीतले पत्ते दर वेळी वेगळे पडतात, त्यामुळे दुसऱ्यांदा चालवलं की चूक गायब, किंवा भलत्याच माणसाच्या माथी! जुनी पट्टी आणि वही, एकेक ओळ, बोट ठेवून. अकरा पट्ट्या निघाल्या. आणि त्या काळात गल्ला रोज चोख जुळत होता, कारण पट्टीत छापलेलेच पैसे दिले जात होते. कमी पडले असते तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती. जास्त राहिलेल्या पैशाची कोणी बोंब मारत नाही.

आता यावर मला जी उत्तरं मिळतात ती मी पाठ केली आहेत.

एक : "मग डिलीट करायला विसरू नको." वा! हे म्हणजे चालताना खड्ड्यात पडू नको म्हणण्यासारखं आहे. मला माणसाच्या आठवणीवर उभी असलेली रचना नको आहे. वस्तू कुठून कुठून मरू शकते याचा हिशोब दोनशे ओळींत मला ठेवता आला नाही. तुमच्या दोन लाख ओळींत तुम्ही ठेवणार?

दोन : "यासाठी मॉड्यूल आहेत की." आहेत, आणि चांगली आहेत. टाय::रेफहॅश पर्लबरोबरच येतं. ते खरा रेफरन्स धरून ठेवतं, त्यामुळे वस्तू मरतच नाही आणि किल्लीवरून परतही जाता येतं. हळू चालतं, पण खोटं बोलत नाही. २००७ मध्ये पर्ल ५.१० आली तिच्यात हॅश::युटिल::फील्डहॅश आलं. ते उलट करतं : वस्तू मेली की तिच्या नावाची नोंद आपोआप साफ. माझ्या रोगावर अगदी हेच औषध होतं, आणि मी स्क्रिप्ट लिहिली तेव्हा ते औषध बाजारात येऊन दोन वर्षं होत आली होती. माझं म्हणणं एवढंच की ज्याला आपण आजारी आहोत हेच कळत नाही तो औषध शोधणार कुठून? पर्लने त्या ओळीवर एक वॉर्निंग दिली असती तरी मी मॅन्युअल उघडलं असतं.

हां, आणि कोणीतरी स्केलर::युटिलमधलं रेफअ‍ॅडर सुचवतंच. त्याने एक वेगळा त्रास मिटतो. नोंद ब्लेस केली, म्हणजे तिला एका क्लासचा शिक्का मारला, की तिची स्ट्रिंग बदलते, पुढे क्लासचं नाव लागतं. वस्तू तीच, पत्ता तोच, पण हॅश म्हणतो मी तुम्हाला ओळखत नाही. साहेब झाल्यावर जुना मित्र ओळखेनासा होतो तसं, फक्त उलट्या बाजूने. शिवाय क्लासने स्ट्रिंगचं रूप ओव्हरलोड केलं असेल तर दोन वेगळ्या वस्तू एकाच किल्लीवर येऊन बसू शकतात. रेफअ‍ॅडर हे दोन्ही टाळतं. पण पत्ता तो पत्ताच. घर रिकामं झाल्यावर नवा भाडेकरू येणारच.

तीन : "तुझी भाषाच जुनाट." हे ऐकून मला हसू येतं. जावास्क्रिप्टमध्ये साध्या ऑब्जेक्टला किल्ली म्हणून दुसरा ऑब्जेक्ट द्या. सगळ्यांची मिळून एकच किल्ली होते, कंसातलं 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट'. पर्ल निदान वेगवेगळे पत्ते तरी लिहिते! २०१५ मध्ये मॅप आणि वीकमॅप आले तेव्हा कुठे त्यांची अधिकृत सोय झाली. पीएचपीत स्पल-ऑब्जेक्ट-हॅश आहे, आणि ऑब्जेक्ट नष्ट झाल्यावर तोच हॅश दुसऱ्याला मिळू शकतो हे तिचं मॅन्युअलच सांगतं. वाचतो कोण? आणि पायथनमधला आयडी म्हणजे नेहमीच्या सीपायथनमध्ये मेमरीतला पत्ताच. माझ्या बुधवारच्या मित्राने पंधरा वर्षांनी तीच चूक नव्या कपड्यांत केली होती.

गैरसमज नको. वस्तूला किल्ली करणं हे मुळात पाप नाही. ल्युआमध्ये टेबल ही सरळ किल्ली होऊ शकते. पायथनमध्ये तुमच्या क्लासचा ऑब्जेक्ट किल्ली म्हणून ठेवा, बिनधास्त, कारण तिथे डिक्शनरी खुद्द ऑब्जेक्टला धरून असते. तो मरत नाही, त्याची जागा दुसऱ्याला जात नाही. (मेमरी वाढते. ती तक्रार वेगळी, आणि वीक रेफरन्स तिच्यासाठीच आहेत.) आणि पायथनमध्ये लिस्टला किल्ली करायला गेलात तर ती तोंडावर नाही म्हणते : ही हॅश होत नाही. नवशिक्यांना या एररचा राग येतो. मला तिच्यावर प्रेम आहे. ज्या भाषेला माझं म्हणणं कळलं नाही तिने तसं सांगावं, स्वतःच्या मनाने अर्थ लावून मान डोलावू नये. माझा राग आहे तो वस्तूच्या जागी तिचा पत्ता ठेवून वस्तूच ठेवली असं भासवण्यावर.

यात वाशीमचं मला नेहमी गंमतीचं वाटतं. माझी मेमरी जे करत होती त्याच्या बरोबर उलटं या जिल्ह्याने भोगलंय. इंग्रजांच्या काळात बाशीम नावाचा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि अकोल्यात गेला. मग ९३ वर्षांनी, १ जुलै १९९८ ला, अकोल्यातून वाशीम जिल्हा पुन्हा निघाला. सहा तालुके : वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. एकही गाव एक इंच हललं नाही आणि सगळ्यांचा पत्ता बदलला. आईच्या दाखल्यावर जिल्हा अकोला, तिच्या धाकट्या भाचीच्या दाखल्यावर जिल्हा वाशीम, दोघींचा जन्म एकाच घरातला. मामांची जुनी मोटरसायकल एमएच ३०, शेजाऱ्याची नवी एमएच ३७. जनगणनेच्या खात्यात २००१ ला वाशीमचा क्रमांक राज्यात ०६, २०११ ला अख्ख्या देशाच्या यादीत ५०२. जो कोणी दोन जनगणनांचे तक्ते जिल्हा क्रमांकावर जोडायला जाईल त्याला माझा नमस्कार. पिनकोड मात्र तसाच राहिला, ४४४ ने सुरू होणारा, कारण टपालखात्याला जिल्हा मोडला की जोडला याच्याशी देणंघेणं नव्हतं.

नावाला किल्ली करावं म्हणाल तर मालेगाव एक नाशकात, एक आमचं (जुन्या कागदांवर मालेगाव जहांगीर). कारंजा एक आमचं, कारंजा लाड, आणि एक वर्ध्यातलं, कारंजा घाडगे. माझं एक कुरिअर नाशिक जिल्ह्याची सहल करून आलंय. ही जावास्क्रिप्टवाली गत. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावाशेजारी गावाचा कोड छापायला सुरुवात झाली, त्याचं मला कोण कौतुक वाटलं! चारचौघांना ती रुक्ष सरकारी सुधारणा वाटली असेल.

तलाठ्याच्या फेरफार रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना ६ ला, मी पूर्वी हसायचो. त्यातल्या प्रत्येक नोंदीला क्रमांक. नोंद नामंजूर झाली तरी ती तिथेच राहते, शेरा पडतो, आणि पुढच्या नोंदीला पुढचा क्रमांक. रिकामी जागा म्हणून जुना क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. कम्प्युटर सायन्सची पदवी घेऊन मी ज्या गोष्टीत आपटलो ती तिथे रोजच्या कामाची आहे. मामांचं पावतीपुस्तकही तसंच : चुकलेल्या पावतीवर आडवं 'रद्द' लिहायचं, फाडायची नाही, मूळ प्रत तिथेच टाचायची. फाडली ती मी, स्क्रिप्टमध्ये.

तेव्हा त्या बुधवारच्या मुलाला माझं सांगणं : प्रत्येक नोंदीला जन्मतः स्वतःचा एक क्रमांक दे. वाढता ठेव, एकदा दिलेला पुन्हा देऊ नकोस, नोंद मेली तरी. मेमरीतला पत्ता फेकून दे. दोन ओळींचं काम आहे. आणि टेस्ट पास होतात हे मला सांगू नकोस, माझ्याही होत होत्या.

दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारात मी आणि मामा त्या गृहस्थांना भेटायला गेलो. मामांनी पैसे दिले. मी म्हणालो, काका, चूक माझी होती, मुलाची नव्हती. त्यांनी नोटा मोजल्या, धोतराच्या कनवटीला लावल्या, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मंग आता काय केलं तुमी त्यात?"

मी सांगितलं की आता कम्प्युटर प्रत्येक पावतीला वेगळा नंबर देतो, एकाचं दुसऱ्याला जात नाही.

"पण पावतीवर त नंबर पयलेच व्हता ना."

होता. पुस्तकात छापलेलाच होता, लाल शाईत, वर उजव्या कोपऱ्यात. टाईप करणाऱ्या पोराला तो रकाना सोडून द्यायला मीच सांगितलं होतं, तेवढंच टायपिंग वाचेल म्हणून.